फक्त धूळच तर काढली

लॅमिंग्टन रोडवर एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली हे दुरुस्तीचं दुकान. पाटीवर रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ग्रँट रोड स्टेशनला उतरलेलं गिऱ्हाईक मात्र ते नाव कधी घेत नाही. माझा प्रिंटर टेबलावर उघडा पडलाय, म्हणून मी स्टुलावर बसून आहे. तेवढ्यात एक काका सीपीयू पोटाशी कवटाळून आत येतात. गिरगावात त्यांचं लग्नपत्रिका छापायचं काम, आणि मुहूर्त तोंडावर.

"डिस्प्ले नाही. पंखे फिरतात, लाइट लागतो, मॉनिटरवर नुसतं नो सिग्नल."

"काय केलं होतं?"

"काहीच नाही रे. फक्त धूळ काढली."

"कशाने?"

"ब्लोअर मारला. कोपऱ्यांत ब्रश फिरवला. रॅम काढल्या, पुसल्या, परत लावल्या."

"म्हणजे काहीच नाही," दुकानातला पोरगा गंभीर चेहऱ्याने म्हणतो आणि स्क्रू ड्रायव्हर उचलतो.

आधी तो केबलची चौकशी करतो. प्रोसेसरच्या नंबरापुढे एफ आहे, म्हणजे त्यात ग्राफिक्स नाही. केबल बोर्डाच्या पोर्टात खुपसली तर जन्मात चित्र दिसायचं नाही. ती कार्डालाच हवी. काकांनी ती बरोबर लावलीय. मग बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातला प्रोसेसरचा बारा व्होल्टचा कनेक्टर तो अंगठ्याने दाबून बघतो. हा निसटला तरी बाकीचे पंखे मजेत फिरत राहतात आणि माणूस फसतो. तोही पक्का आहे.

आता खरं काम. हार्ड डिस्कच्या वायरी निघतात, पुढच्या यूएसबीच्या निघतात, दोन्ही रॅम निघतात. काय बिघडलंय ते शोधायला तो एकेक वस्तू कमी करत चाललाय. मला हे बघायला आवडतं. आपण घरी असतो तर एव्हाना नवा पॉवर सप्लाय मागवून बसलो असतो. बोर्डाच्या पिनांवर तो चिमुकला स्पीकर लावतो. हल्ली कॅबिनेटसोबत हा येतच नाही. रॅम नसलेल्या बोर्डाचं बटण दाबतो.

टूंऽऽ टूंऽऽ. काका दचकतात.

"ओरडतंय ना? मग बोर्ड जिवंत आहे काका, प्रोसेसरही. रॅम नाही म्हणून बोंबलतंय."

स्विच बंद, केबल बाहेर, राहिलेला करंट उतरायला बटण परत एकदा दाबलेलं. खोडरबराने तो एका रॅमचे सोनेरी दात घासतो. डीडीआर-४चे 288 संपर्क, दोन्ही बाजूंना वाटलेले. त्यांच्यात एक खाच असते, बरोबर मध्यावर नाही, जरा सरकून, म्हणजे उलटी लावायची सोय नको. खाच जुळवून दोन्ही टोकांना दाबतो. खट्.

अंधार. तो घाई करत नाही. बोर्डाला रॅम ओळखायला कधीकधी वेळ लागतो. तरी अंधारच. दुसरी रॅम त्याच खाचेत: अंधार. तीच रॅम शेजारच्या खाचेत: पंखे एकदा थांबतात, पुन्हा सुरू होतात, आणि मॉनिटरवर कंपनीचं नाव झळकतं.

"आलं!" काका जवळजवळ ओरडतात.

"थांबा. ती खाच का रुसलीय?"

मोबाइलचा टॉर्च आत रोखून तो डोकं कॅबिनेटमध्ये घालतो. मलाही बोलावतो. काळ्या खाचेत, बारीक पिनांच्या रांगेवर एक काळाच केस आडवा झोपलाय. जाड, ताठ, माणसाचा नक्कीच नाही. चिमट्याच्या टोकाने तो उचलतो आणि काकांच्या तळहातावर ठेवतो.

"रंग द्यायचा ब्रश होता ना?"

काका उत्तर देत नाहीत. रॅम पूर्वीच्या जागी बसतात, प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, आणि स्क्रीनवर 16 जीबी पूर्ण दिसतात. पत्रिकेचा अर्धवट गणपती उघडेपर्यंत काका खुर्चीत टेकत नाहीत.

"किती द्यायचे?"

"तीनशे."

"एक केस काढायचे तीनशे? आमचा न्हावी शंभरात अख्खं डोकं भादरतो!"

"बरं, अडीचशे द्या. आणि ब्रश भिंतीलाच ठेवा."