बाप्तिस्मा घेतला म्हणजे पोशाख बदलायचा का?

आज आपण एक प्रश्न घेऊ, जो पुष्कळ घरांत दबक्या आवाजात विचारला जातो. बाप्तिस्मा घेतला म्हणजे साडी, धोतर, आपली राहणी सोडायची का? आणि चर्चमध्ये जाताना कपडे कसे हवेत?

आधी बाप्तिस्मा पाहू. जुने जीवन मागे टाकणे आणि ख्रिस्ताच्या मंडळीत येणे, एवढा अर्थ बहुतेक ख्रिस्ती पंथांना मान्य आहे. मतभेद आहेत ते कोणाला द्यायचा आणि कसा, यावर. कॅथलिक तान्ह्या बाळालाही देतात. बॅप्टिस्ट मात्र स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच देतात, तोही पाण्यात पूर्ण बुडवून.

वस्त्राचा संबंध इथेच येतो. गलतीकरांस लिहिताना पौल म्हणतो की बाप्तिस्मा घेणे म्हणजे ख्रिस्तालाच अंगावर घालणे. मग दास आणि स्वतंत्र हा भेद उरत नाही. प्राचीन मंडळीत ईस्टरला बाप्तिस्मा घेतलेले लोक आठवडाभर पांढरी वस्त्रे घालत आणि नंतर ती उतरवत. म्हणजे बघा, कायमचा बदल होता तो आतला.

हे विसरलं की काय होतं, ते गोव्यात दिसलं. १७३६ मध्ये इन्क्विझिशनने जाहीरनामा काढून ख्रिस्ती पुरुषांच्या धोतरावर आणि स्त्रियांच्या चोळीवर बंदी घातली. श्रद्धा धोतरात मोजली गेली! उलट मदुराईत रॉबर्ट दि नोबिली यांनी नवख्रिस्ती ब्राह्मणांना शेंडी-जानवे ठेवू दिले. त्यावर तक्रारी झाल्या, पण १६२३ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी ते ठेवण्यास परवानगी दिली.

आपल्या पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. साडी आणि शाकाहार त्यांनी सोडला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असंही त्यांनी विचारलं.

मग कपड्यांना काहीच महत्त्व नाही का? आहे. उपासनेत स्त्रियांनी मस्तक झाकावं, असं पौलाने करिंथकरांना लिहिलं, आणि आपल्याकडेही कितीतरी बाया प्रार्थनेला डोक्यावर पदर घेतात. तो आदर आहे. पण याकोबाच्या पत्रातला इशाराही तितकाच स्पष्ट आहे: झकपक कपडेवाल्याला पुढची जागा आणि मळक्या कपड्यातल्या गरिबाला पायाशी, असं करू नका.

तेव्हा कपडे स्वच्छ आणि साधे असावेत, एवढं पुरे. आणि दारात कोणी फाटक्या सदऱ्यात उभा राहिला, तर त्याला आत कुठे बसवतो, यावरूनच आपल्या बाप्तिस्म्याची पारख होते.