कोळशावरचा कर कुणाच्या चुलीपर्यंत?

गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याला ३,३०० मेगावॉटचं औष्णिक वीजकेंद्र आहे. अशा केंद्रांत जळणाऱ्या कोळशावर देशात २०१० साली टनाला ५० रुपये उपकर लागला. २०१६ पर्यंत तो ४०० झाला. नाव वेगळं असलं, तरी हा कार्बन करच. युनिटमागे साडेसहाशे ग्रॅम कोळसा धरला, तर त्याचे २६ पैसे होतात. समजा, महिना दहा हजारांच्या घरात ९० युनिट लागतात आणि ऐंशी हजारांच्या घरात ३००. सगळा भार बिलात उतरला, तर पहिल्याला २३ रुपये पडतील, दुसऱ्याला ७८. मिळकतीच्या मानाने मात्र गरीब घराचा वाटा दुपटीहून मोठा.

शंभर युनिटांच्या आत दर कमीच असतो, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचं बिलही राज्याने २०२४ पासून माफ केलंय, असं कुणी म्हणेल. ते खरं आहे. पण ही सवलत मीटरपाशीच थांबते. घर बांधायच्या सिमेंटमध्ये, सळईत कोळशाचा खर्च असतो आणि तिथे स्लॅब नाही. शिवाय केवळ मिळकत पाहून भागत नाही. असा कर उद्या गॅसवरही आला, तर देवरी-सालेकशाकडे सरपणावर रांधणाऱ्या घराला तो लागणारच नाही. शेजारच्या तेवढ्याच मिळकतीच्या घरात उज्ज्वलाचं सिलिंडर असेल, तर त्याला लागेल. आणि ते घर पुन्हा चुलीकडे वळलं, तर कर वाचेल, धूर मात्र रांधणाऱ्या बाईच्या छातीत जाईल. अशा घराला ‘करमुक्त’ म्हणणं मला पटत नाही.

मग करच नको का? तसंही नाही. उन्हाचा आणि लांबलेल्या पावसाचा तडाखा धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या मजुराला आधी बसतो, आणि कोळसा त्याच्या घरापायी सर्वांत कमी जळतो. प्रश्न गोळा झालेला पैसा जातो कुठे, हा आहे. स्वित्झर्लंडमध्ये इंधनावरच्या अशा कराचा मोठा हिस्सा आरोग्यविम्याच्या हप्त्यातून माणशी समान परत मिळतो. वरच्या दोन घरांत माणसं सारखी असतील, तर जमलेले १०१ रुपये निम्मे वाटल्यावर गरीब घर २७ रुपयांनी फायद्यात राहील. आपल्याकडे उपकर आधी स्वच्छ ऊर्जा निधीसाठी होता. २०१७ पासून तो राज्यांच्या जीएसटी भरपाईकडे वळला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो रद्द होऊन कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. आता कर वजनावर नाही, किमतीवर आहे. म्हणजे जास्त राखेच्या स्वस्त कोळशावर टनामागे तो कमीच बसतो. त्यातला एक रुपयाही देवरीच्या घराकडे परत येण्याची वाट अजून आखलेली नाही.