खोक्याच्या तळाशी सापडलेले पुस्तक

अमेरिकेत जॅन लाँगोन या गोऱ्या बाई पाककृतींची जुनी पुस्तके जमवीत. एका खोक्याच्या तळाशी त्यांना १८६६ सालचे ३९ पानी पुस्तक मिळाले. लेखिका मलिंडा रसेल, टेनेसीची कृष्णवर्णीय स्त्री. लुटारूंनी तिची पुंजी नेली, म्हणून गावी परतायच्या पैशासाठी तिने ते छापले. अशी शेकडो पुस्तके जमवून टोनी टिप्टन-मार्टिन या कृष्णवर्णीय पत्रकार बाईंनी २०१५ साली त्यांच्यावर ग्रंथच काढला. त्यातल्या अ‍ॅबी फिशर जन्माने गुलाम. लिहिता-वाचता येईना, म्हणून तोंडी सांगून १८८१ साली त्यांनी आपले पुस्तक लिहून घेतले!

त्याच २०१५ साली शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ आले. मराठवाड्यातल्या आपल्या घरांतले चान्या, रक्ती, वजडी पुस्तकात बसले. काहींना लाज वाटली. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मेलेल्या जनावराचे मांस सोडा म्हणून सांगितले, आपण सोडले. पण त्या चुलीवर पोरे जगवणाऱ्या आजीची लाज कशाला?

ती अजून घरात असेल, तर तिने सांगावे, नातीने लिहावे. शाळेच्या वहीची मागची पाने पुरतात.