घर घेताना वकील कोणाचा, बँकेचा की आपला?

त्रिरश्मी लेण्यांवर आपण वंदनेला जातो, पण दहाव्या लेण्यातला उषवदाताचा शिलालेख समजून घेणारे थोडेच. नहपान राजाच्या या जावयाने भिक्खूसंघाच्या भोजनासाठी एक शेत विकत घेऊन दिले. ते कोणाकडून घेतले, विकणाऱ्याकडे ते वडिलांकडून आले होते, नगराच्या सीमेत कोणत्या दिशेला आहे आणि किंमत ४,००० कार्षापणे, एवढे सगळे दगडावर कोरलेले आहे. विणकरांच्या श्रेणीकडे ठेवलेल्या ठेवीचा व्याजदरही आहे, आणि व्यवहार निगमसभेत जाहीर करून दप्तरी नोंदवल्याचेही. आजचा वकील खरेदीखत हातात घेतो तेव्हा याच गोष्टी तपासतो.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये आयुष्य काढलेल्यांची मुले आता पाथर्डी फाटा, आडगाव भागात फ्लॅट बघत आहेत. बहुतेक घरांत गृहकर्ज काढणारी ही पहिलीच पिढी. त्यामुळे रविवारच्या वंदनेनंतर विहारात आम्हाला हे प्रश्न हमखास विचारले जातात. त्यात सर्वांत जास्त ऐकू येणारे वाक्य म्हणजे, "बँकेने लोन मंजूर केले, म्हणजे टायटल क्लिअरच असणार ना?"

नाही. बँक कागद तपासायला तिच्या पॅनेलवरच्या वकिलाला देते. त्याची फी बहुतेक वेळा आपल्याच खिशातून जाते, पण अहवाल बँकेसाठी असतो. हप्ते थकले तर हे घर विकून पैसे वसूल होतील का, एवढेच त्याला पाहायचे असते. करारनाम्यातली कोणती अट बिल्डरच्या बाजूची आहे, ताबा लांबला तर काय, पार्किंग खरेच आपल्या नावावर होणार का, हे सांगणे त्याचे काम नाही. उद्या मालकीचा वाद निघाला तरी कर्ज फेडण्याची जबाबदारी आपलीच राहते. म्हणून त्या अहवालाची प्रत मागावी आणि आपला वेगळा वकील करावा. सॉलिसिटर हा प्रकार मुंबईतला. नाशिकला जमिनीची कामे करणारा दिवाणी वकील पुरतो. मात्र तो बिल्डरने किंवा एजंटने सुचवलेला नसावा.

हा वकील दुय्यम निबंधक कार्यालयातल्या नोंदींचा साधारण ३० वर्षांचा शोध घेतो, इंडेक्स २ काढतो, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि त्यामागचे फेरफार वाचतो. नव्या प्रकल्पाचा महारेरा क्रमांक घेऊन संकेतस्थळावर बिल्डरने टाकलेला टायटल अहवाल आपणही पाहू शकतो. रेराच्या कलम १३ प्रमाणे करारनामा नोंदणीकृत होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. आणि नोटरीवर घर "विकत" घेऊ नका. केवळ मुखत्यारपत्रावर मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे. तरीही वस्त्यांमध्ये हे व्यवहार रोज होतात, कारण त्यात मुद्रांक शुल्क वाचते.

आपल्या समाजाने ज्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे, ती गोष्ट म्हणजे वतनाची जमीन. महार वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. वतने प्रत्यक्षात गेली ती १९५८ च्या कनिष्ठ गाव वतन निर्मूलन कायद्याने, १ ऑगस्ट १९५९ पासून. हाडकी-हाडोळ्याची जमीन कब्जेहक्काची रक्कम भरून कसणाऱ्या वतनदारांना परत मिळाली, पण नव्या शर्तीवर. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय ती विकता किंवा वाटून घेता येत नव्हती. पुढे नियमांत बदल झाले. तरी बिगरशेती वापरासाठी आजही शासनाला नजराणा भरावा लागतो, सर्वसाधारणपणे बाजारभावाच्या निम्मा. सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग २" दिसले की थांबायचे ते यासाठी.

शहर वाढले तशा गावाकडेच्या या जमिनींना भाव आला. वारस मात्र मुंबई, पुणे, नाशिकला पांगलेले. जुन्या नोंदीत एका नावाखाली कित्येक घरांचा हिस्सा. मग कोणीतरी येतो, चार वारसांच्या हातावर थोडी रक्कम ठेवतो आणि मुखत्यारपत्रावर सह्या घेतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्यातल्या मुंढव्याच्या सुमारे ४० एकर महार वतन जमिनीच्या व्यवहारावरून राज्यभर गदारोळ झाला, तोही मुखत्यारपत्राच्या आधारानेच झाला होता. त्या बातम्या मोठ्या नावांमुळे गाजल्या. लहान तुकड्यांची बातमी होत नाही. तुमच्या घरी असा कागद सहीला आला, तर आधी वकिलाला दाखवा. परवानगी कोण काढणार, नजराणा कोण भरणार, प्रत्येक वारसाचा हिस्सा किती, हे लिहून घेतल्याशिवाय सही नको. आणि अशाच जमिनीवर उभा राहिलेला फ्लॅट घेत असाल, तर परवानगीचा आदेश आणि नजराण्याचे चलन डोळ्यांनी पाहा. दिंडोरी, पेठ, सुरगाण्याकडे प्लॉट घेणाऱ्यांनी आदिवासी बांधवांच्या जमिनीबाबत हीच काळजी घ्यावी. तिथेही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि ती लागावी, असेच आमचे मत आहे.

आता पैशांचे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. ३० लाखांच्या फ्लॅटला जास्तीत जास्त २७ लाख. वरचे तीन लाख, मुद्रांक शुल्क आणि १ टक्का नोंदणी फी, म्हणजे इथे ३०,००० रुपये, स्वतःचे हवेत. नोंदणी फीची कमाल मर्यादाही ३०,००० च आहे. घर फक्त महिलेच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. पतीचे नाव जोडले की ती जाते. आईच्या किंवा पत्नीच्या नावे घर करायला हे एक चांगले निमित्त आहे.

बँकेने नाकारले म्हणून सावकाराकडे जाणारेही आहेत. कर्जाला तारण म्हणून तो थेट खरेदीखतच करून घेतो. असे झाले असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते आणि सावकारीतून बळकावलेली मालमत्ता परत मिळू शकते.

हप्ते थकले तर घाबरून फोन बंद करू नका. तीन महिने थकल्यावर खाते बुडीत धरले जाते, मग सरफेसी कायद्याची ६० दिवसांची नोटीस येते. तिला लेखी हरकत घेता येते आणि बँकेला तिचे उत्तर द्यावे लागते. बँकेने ताब्याची कारवाई केलीच, तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. उलट हातात पैसे आले आणि व्याजदर बदलता असेल, तर मुदतीआधी कर्ज फेडायला दंड नाही. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे बंधन बँकेवर आहे. उशीर तिच्यामुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कागद घेताना कर्ज देतेवेळी केलेली यादी सोबत न्या, एकेक पान ताडून पाहा आणि नोंदणी कार्यालयातला गहाणाचा बोजाही उतरवून घ्या.