गटासाठी कॉम्प्युटर घेताना
गटासाठी कॉम्प्युटर घ्यायला गेलो की दुकानदार कधीकधी गेमिंग लॅपटॉप पुढे करतो. खेळातली चित्रं भरभर हलावीत म्हणून त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड असतं. त्यानं किंमत वाढते, वजन वाढतं, बॅटरीही लवकर उतरते. आपल्या हिशेबाला, अर्जांना त्याची गरज नाही.

काम एकाच खोलीत असेल तर आम्ही डेस्कटॉप सुचवतो. कीबोर्ड बिघडला तर तेवढाच बदलता येतो. वीज गेल्यावर काम जतन करून मशीन नीट बंद करायला यूपीएस हवाच. त्याचे पैसे आधीच धरा. गावोगाव बैठकांना न्यायचा असेल तर साधा लॅपटॉप पुरे. ८ जीबी रॅम आणि एसएसडी बघा. बिल गटाच्या नावानंच घ्या. पैसा सगळ्यांच्या बचतीचा आहे. म्हणून आधी बैठकीत ठरवा, मगच दुकानात जा.