सिंहगडाच्या वाटेवरची मनगटं

सिंहगडाच्या पायथ्याशी, आतकरवाडीत अजून पुरतं उजाडलेलं नाही. रविवार असल्यामुळे दुचाक्यांची रांग लांबवर गेली आहे, चहाच्या टपरीवर आधण उकळतं आहे आणि वाटेच्या तोंडाशी पंधरावीस जण माना खाली घालून उभे आहेत. सगळ्यांचं लक्ष मनगटाकडे.

"लागला का जीपीएस?"

"थांब रे, अजून फिरतंय."

घड्याळाला उपग्रह सापडेपर्यंत कुणी हलत नाही, कारण त्याआधी चाललेलं अंतर नकाशावर उमटत नाही. मग एकेक घड्याळ थरथरतं आणि मंडळी चढाला लागतात. त्यांच्या मागोमाग मीही निघते.

ही वाट जेमतेम पावणेतीन किलोमीटरची, पण चढ जवळजवळ सहाशे मीटरचा. पहिल्या दहा मिनिटांतच ज्याची त्याची ताकद उघडी पडते. घड्याळांना काय जमतं आणि काय जमत नाही हे बघायला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही.

पहिल्या वळणावर दोन कॉलेजची मुलं थांबली आहेत. एकाच्या घड्याळात ठोके दिसताहेत १७८, आणि हा पठ्ठ्या न धापता, लांबलचक वाक्यांत मित्राला काल रात्रीच्या मॅचचा किस्सा सांगतो आहे. १७८ला असं बोलता येत नाही. त्याचा पट्टा इतका सैल आहे की घड्याळ मनगटाच्या हाडावर खालीवर घसरतंय आणि काचेखालून हिरवा उजेड बाहेर सांडतोय. खरं काम त्या हिरव्या उजेडाचं. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोका पडला की मनगटात रक्त वाढतं, परत येणारा प्रकाश कमी होतो आणि हा चढउतार घड्याळ मोजतं. घड्याळ हललं किंवा बाहेरचा उजेड आत शिरला की मोजणी बिघडते. कधी कधी तर पावलांचा ठेकाच हृदयाचा म्हणून मोजला जातो. मित्र त्याला पट्टा हाडाच्या दोन बोटं वर सरकवून घट्ट करायला लावतो. मिनिटभरात आकडा १३१ वर येतो. मानेवर दोन बोटं ठेवून, पंधरा सेकंदांचे ठोके मोजून त्यांना चारनं गुणलं, तरी जवळपास तेवढेच भरतात. मुलगा हे स्वतः करून बघतो आणि त्याला भारी मजा वाटते.

थोडं वर एक काकू दर काही मिनिटांनी थांबत चालल्या आहेत. वय साठीच्या पुढे, पायात साधे कॅनव्हासचे बूट. त्यांचं घड्याळ घुर्र करतं, त्या थांबतात, झाडाला टेकतात. आकडा उतरला की पुन्हा चालू लागतात. अँजिओप्लास्टी झालेली आहे. "ठोक्यांच्या मर्यादेचं ते २२० वजा वय वगैरे मला नाही चालत," त्या सांगतात. "माझ्या गोळीनं ठोके तसेही दबलेले असतात. डॉक्टरांनी ट्रेडमिलवर चालवून मला माझा आकडा दिलाय. मी तोच यात घालून ठेवलाय." मग फोन काढून विश्रांतीतल्या ठोक्यांचा काही महिन्यांचा आलेख दाखवतात. एका जागी रेघ वर चढलेली. "इथे मला ताप आला होता. आकडा आदल्या दिवशीच वर गेला होता, बघ."

घड्याळाचा खरा उपयोग मला इथे दिसतो. एका क्षणाच्या आकड्यावर फार विसंबू नये. पण एकाच माणसाची, महिनोन् महिने जमलेली रेघ आपल्याला आपली नेहमीची पातळी दाखवते, आणि ती मोडली तर लगेच नजरेत भरते. दवाखान्यात वर्षातून एकदा मोजलेल्या नाडीतून हे कळत नाही. कॅलरीचा आकडा मात्र मी बाजूलाच ठेवते. तो अंदाजानं काढलेला असतो आणि त्यावर कुणी जेवणाचा हिशेब बांधू नये.

लिंबूसरबताच्या टपरीवर एक काका कौतुकानं मनगट पुढे करतात. "यात शुगरसुद्धा दिसते. सुई टोचायची गरजच नाही." बाकावर पाठपिशवी टेकवून बसलेली एक तरुण बाई चटकन वर बघते. ती डॉक्टर आहे.

"काका, या आकड्यावर गोळी कमीजास्त करता का?"

"कधी कधी करतो."

ती हातातला ग्लास खाली ठेवते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये याच गोष्टीबद्दल लोकांना सावध केलं होतं: त्वचेला न टोचता घड्याळ किंवा अंगठी स्वतःच साखर मोजते असा दावा करणाऱ्या एकाही उपकरणाला त्यांनी मान्यता दिलेली नाही. दंडावर लावायचा चकतीसारखा सेन्सर वेगळा. त्याची बारीक तार त्वचेखाली असते आणि घड्याळ फक्त त्याचा आकडा दाखवतं. हे सगळं ती काकांना शांतपणे समजावते आणि सांगते, "उद्यापासून परत ग्लुकोमीटर, काका. हे घड्याळ वेळ बघायला ठेवा." काका गप्प होतात. त्यांना वाईट वाटलेलं दिसतं, पण ते ऐकून घेतात.

मागून एक मावशी चढत येतात. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीत दह्याची मडकी. डावा हात पाटीला, उजव्या हातात पदराचं टोक. मघाची दोन मुलं त्यांना गाठतात. "मावशी, जरा हे घालता का हातात? तुमची पावलं मोजू." मावशी न थांबता डावं मनगट पुढे करतात, घड्याळ बांधून घेतात आणि हात परत पाटीला लावतात. पुढच्या वळणापर्यंत मुलाच्या मित्राच्या घड्याळात दोनशेच्या वर पावलं भरतात. मावशींच्या हातातल्या घड्याळात चाळीससुद्धा नाहीत. घड्याळ पाय बघत नाही, हाताचा झोका बघतं. आणि पाटी धरलेला हात झुलत नाही. घड्याळ उजव्या हातात बांधल्यावर आकडा भराभर वाढू लागतो.

"म्हंजे वझं घेतलं की चाललेलं मोजत न्हाई व्हय?" मावशी विचारतात.

मुलाकडे उत्तर नाही. रोजची दहा हजार पावलं हा आकडा १९६५ साली जपानमध्ये एक पावलं मोजणारं यंत्र खपवताना पुढे आला. डोक्यावर ओझं घेऊन गड चढणाऱ्या बाईचे कष्ट त्यात कुठे मोजायचे, हा प्रश्न मला मावशींइतकाच पडतो. डोक्यावर हंडा, कडेवर मूल, हातात गाडीचा दांडा: हात अडकलेल्या माणसांचं चालणं या यंत्रांत कमीच भरणार. अशा आकड्यांवरून उद्या कुणाचा विमा ठरणार असेल, तर हे आजच बोललं पाहिजे.

शेवटच्या टप्प्यात, पुणे दरवाज्याच्या अलीकडे, वाटेत घोळका दिसतो. पन्नाशीतले एक गृहस्थ दगडावर बसले आहेत. तळहात छातीवर, कपाळावर घाम, चेहरा राखेसारखा. "ॲसिडिटी आहे," ते म्हणतात. "सकाळी रिकाम्या पोटी चहा घेतला." एक मित्र सुचवतो, "अरे, तुझ्या घड्याळात ईसीजी आहे ना? काढ की." ते बोट घड्याळाच्या कडेच्या बटणावर टेकवतात. तीस सेकंद सगळा घोळका श्वास रोखून काचेकडे बघतो. लय नियमित असल्याचा निकाल येतो. "नॉर्मल!" कुणीतरी ओरडतं, कुणी त्यांच्या पाठीवर थाप मारतं, आणि ते उठायला लागतात.

"उठू नका." डॉक्टर ताई गर्दीतून पुढे आलेली असते. ती गुडघ्यांवर बसते. कळ कुठे जाते? डाव्या हाताकडे, थोडी जबड्याकडे. असं आधी कधी झालं होतं? नाही. ॲस्पिरिनची ॲलर्जी? नाही. ती पिशवीतून गोळी काढून त्यांना चावून खायला लावते.

"पण मॅडम, ईसीजी नॉर्मल आहे," मित्र घड्याळ तिच्यापुढे धरतो.

"हे ठोक्यांची लय बघतं. लय बिघडली, एट्रियल फिब्रिलेशनसारखं काही असलं, तर हे सांगू शकेल. रक्तवाहिनी तुंबली आहे का, ते याला कळत नाही. दवाखान्यात बारा बाजूंनी बघतात, हे एकाच बाजूनं." हार्ट अटॅक ओळखणं हे या ईसीजीचं काम नाही, असं घड्याळ बनवणारेही बजावतात. तो इशारा ॲपमध्ये लिहिलेला असतो. अशा वेळी तो कुणी वाचत नाही.

तिला घड्याळाचा एक उपयोग मात्र होतो. कळ कधी सुरू झाली, ते गृहस्थांना नीट आठवत नाही. ती आलेख मागे सरकवते. सहा बावन्नला चालण्याचा वेग एकदम पडलेला दिसतो. "हो, तेव्हाच बसलो होतो मी," ते म्हणतात. ती पेनानं त्यांच्या तळहातावर वेळ लिहिते, दवाखान्यातल्यांसाठी.

१०८ लावायचा, तर मोबाइलला रेंज नाही. भज्यांच्या टपरीवरचा पोरगा सांगतो, "त्या खडकावर जावा, तिथं लागतो." तिथे लागतो. तोवर प्लॅस्टिकची खुर्ची येते, चौघे जण ती उचलतात. दह्याची पाटी खाली ठेवून मावशी पुढे होतात, "हिकडनं न्या, हिकडं पायऱ्या बऱ्या हायती." वाहनतळ आता जवळच आहे. अँब्युलन्सला घाट चढून यायला वेळ लागेल, म्हणून एका जीपवाल्याला गाठून गृहस्थांना खाली घेऊन जातात. अँब्युलन्स त्यांना वाटेतच भेटणार असते. डॉक्टर ताई सोबत बसते. तिचा सरबताचा ग्लास खाली टपरीवर तसाच राहिलेला आहे.

मी गडावरच्या देवटाक्याजवळ बसते. काकू हळूहळू पोहोचतात आणि काय झालं ते विचारतात. दुपारी त्या गृहस्थांच्या मित्राचा फोन येतो: एक रक्तवाहिनी जवळजवळ पूर्ण बंद होती, ती उघडली आहे, माणूस शुद्धीवर आहे.

घड्याळ जरूर वापरा. पट्टा घट्ट बांधा, आपली रेघ ओळखीची करून घ्या, औषधाचा आकडा डॉक्टरांकडूनच घ्या. पण छातीत दाब, थंड घाम, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप यांतलं काहीही जाणवलं, तर घड्याळाला विचारत बसू नका. आहात तिथे बसा, सोबतच्याला सांगा आणि १०८ लावा.