वीरगळ आणि विराणी



रणात पडलेल्या माणसाचे काव्य आपल्या या सीमाभागाने फार पूर्वी दगडात कोरून ठेवले आहे. देवळाच्या आवारात, वेशीजवळ, अर्धवट मातीत रुतलेले वीरगळ आपण सर्वांनी पाहिले आहेत. 'वीरगळ' हा शब्दच कन्नड 'कल्लु', म्हणजे दगड, यावरून मराठीत आला. (शब्दांना सीमातंटा ठाऊक नसतो.) बहुधा तळाच्या चौकटीत लढाई, मध्ये वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. मरणाची भरपाई स्वर्ग, हा त्याचा ठरलेला अर्थ.

निपाणीहून संकेश्वर-गडहिंग्लज मार्गे नेसरीला गेले की दुसरे काव्य भेटते. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनोबत प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण कामी आले. आदल्या वर्षी उमराणीला खानाला मोकळे सोडल्याबद्दल महाराजांनी दिलेला ठपका त्यांच्या जिव्हारी लागला होता. यावरची कुसुमाग्रजांची 'वेडात मराठे वीर दौडले सात' ही कविता हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीमुळे आणि लताबाईंच्या स्वरामुळे घरोघरी पोहोचली. ती स्फुरणगीत म्हणून गायिली जाते; मला मात्र ती तेवढीच वाटत नाही.

सेनापतीने असे मरणे ही रणनीती नव्हे, हे कवीला ठाऊक आहे. म्हणून 'वेड' हा शब्द. पण मराठीत विठ्ठलाचेही वेडच लागते. त्या एका शब्दात दोष आणि भक्ती एकत्र नांदतात. पुढे हे सात जण उल्का होऊन समुद्रात कोसळतात, पक्षी होऊन वणव्यात जळतात. उल्का पडतानाच उजळते, आणि समुद्राला तिची दखलही नसते. शत्रू येथे माणूस उरतच नाही, तो पाणी आणि आग होतो. त्यामुळे किती मारले हा प्रश्नच निघत नाही. परंपरेने सांगितली जाणारी त्या वीरांची नावेही कवी घेत नाही.

आणि शेवट? तेथे स्वर्ग नाही, अप्सरा नाहीत. खडकावरच्या टाचांच्या खुणा, ओढ्यातला रक्ताचा रंग, क्षितिजावरची धूळ आणि वाऱ्यावर कुणाची तरी विराणी. ज्ञानदेवांच्या विराण्या आठवा; विराणी म्हणजे विरहिणीचे गाणे. वीरगळावर वीराला न्यायला स्त्रिया येतात. या कवितेत एक स्त्री मागे राहते, आणि अखेरचा स्वर तिचा आहे.

१९२२ पासून मराठा पलटणीचे केंद्र बेळगावात आहे. आपल्याकडे ही कविता केवळ इतिहास कशी राहील? महाविद्यालयात जाण्यापूर्वी काही काळ मी याच शाळेत शिकवीत असे. तेव्हा एका मुलीने विचारले होते, "सर, ती गाणारी कोण?" तिचे वडील १९७१ च्या युद्धात पडले होते, हे मला मागाहून कळले. मी म्हणालो, "कुणी नाही, तो वाऱ्याचा आवाज. कविकल्पना." ती मुकाट्याने खाली बसली.

ती विद्यार्थिनी आज या सभागृहात असेल, तर ते उत्तर मी मागे घेतो.